करणी झाली, हे कळतं कुणाला?

टेबलाभोवती बसून वीस बाजूंचा फासा टाकत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये आगीचा गोळा अंगावर आला तर कळतं का, असं कुणी विचारत नाही. भुवया जळल्या की कळतंच. भांडण होतं ते मुकाट्याने केलेल्या जादूवरून. मन वाचलं, बुद्धी फिरवली, दंडातली ताकद काढून घेतली, तर त्या बापड्याला पत्ता लागतो का? खेळ १९७४चा, पण २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा नियम मला सगळ्यात शहाणा वाटतो. फासा चांगला पडून जादू परतली, तर त्या माणसाला काहीतरी वैरी चाटून गेल्यासारखी झिणझिणी येते. काय होतं ते मात्र समजत नाही. जो सापडला, त्याला झिणझिणीसुद्धा नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतही, परिणाम दिसण्यासारखा नसेल तर सावजाला सहसा सुगावा लागत नाही. मोहिनीच्या मंत्राचं तेवढं वेगळं. त्याचा अंमल उतरला की सगळं लख्ख लक्षात येतं, मतदान उलटून गेल्यावर मतदाराच्या येतं तसं.

हा नियम गोखिवऱ्यात आणून लावा, हिशेब उलटा होतो. वसई पूर्वेच्या या गाळ्यांच्या वस्तीत शनिवारी शटरवर नवी लिंबू-मिरची चढते आणि जुनी रस्त्यावर येते. टेम्पोच्या चाकाखाली लिंबाचं पार सालपट झालेलं असतं, काळ्या पडलेल्या मिरच्या दोऱ्याला तशाच लोंबत असतात, आणि कामावर निघालेला माणूस खड्ड्यात बिनदिक्कत पाय घालतो पण त्या सालपटाला वळसा घालून जातो. माझं म्हणणं एवढंच, की खेळातली जादू सावजाला कळली नाही तरच नीट चालते आणि आपल्याकडची करणी कळल्याशिवाय चालतच नाही. एरवी इतकं गुपचूप काम करणाऱ्याने टाचण्या टोचलेलं लिंबू नेमकं उंबऱ्यासमोर, तेही हळदकुंकू लावून, कशाला ठेवावं? कोपऱ्यात ठेवलं आणि उंदराने नेलं, तर सगळी मेहनत फुकट. लिंबू ही करणी नसतेच, ती करणीची नोटीस असते. बजावली गेली की झोप उडण्याचं, भूक मरण्याचं काम घरचा माणूस स्वतःच करतो.

यावर कुणी म्हणेल, लिंबू नसतानाही लोकांना कळतं की! अंग मोडून येतं, डोकं जड होतं, कशात मन लागत नाही. मान्य, पण ही लक्षणं सकाळच्या गर्दीत विरारहून येणारी लोकल वसई रोडला पकडणाऱ्या कुणालाही होतात, आणि त्या सगळ्यांवर करणी करायची तर करणाऱ्यांना तिन्ही पाळ्यांत राबावं लागेल. ‘शेजारचा गाळा उघडला तेव्हापासून मशीन बिघडतंय’ हाही पुरावा असाच. मालकाला बेअरिंग गेल्याचं कळलेलं असतं. शेजाऱ्याने ते घालवलं, हे दुसराच कुणी येऊन सांगतो. खेळात निदान पंच असतो. त्याला सावजाकडून काही मिळायचं नसतं, आणि ‘तुझ्या पात्राला हे कळलं कसं?’ असं तो तोंडावर विचारतो. इथे निदान करणारा आणि उतारा विकणारा बहुधा एकच. त्याच्याकडे नियमाचं पुस्तक मागून बघा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तान्ह्या बाळाला कोण नोटीस बजावतं? तरी त्याला दृष्ट लागतेच ना! तर बाळाला फक्त रडू येतं, दृष्ट कळते ती आजीला. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. खकाणा उठून घरादाराला ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर जबरदस्त होती. म्हणजे जो सुटला त्याच्या नाकाला झिणझिण्या, जो सापडला त्याला काहीच नाही! अमेरिकेतल्या तिसऱ्या आवृत्तीचा हा नियम आपल्या आज्या चुलीपाशी कधीपासून चालवताहेत. फक्त निखारे किती फुललेत आणि खिडकी उघडी आहे का, हे त्या फाशात धरत नाहीत.

महाराष्ट्राच्या कायद्यानेही या वादात बाजू घेतली आहे. या कायद्यासाठी झगडणाऱ्या अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार रुपये दंड. पण गंमत बघा, ‘मला करणी कळली, ती अमक्याने केली’ असं जाहीर करून त्या अमक्याचं जगणं नकोसं करणारा यात गुन्हेगार आहे. अमका मंत्र घालून गुरांचं दूध आटवतो, असा आरोप करणंसुद्धा अनुसूचीत नावानिशी आलं आहे. दूध आटल्याचं गवळ्याला कळतं आणि मंत्र कुणाचा ते मांत्रिकाला. गाईला काही जाणवलं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.