२३ किलोंचा दर्यावर्दी

नांदेडकडच्या मुदखेडचा बोटवाला जहाजावर जाण्याआधी पंधरा दिवस बॅग भरायला घेतो आणि गाडी स्टेशनात शिरेपर्यंत भरत राहतो. रत्नागिरी-रायगडकडे अशा माणसाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तिथे आळीत दोन-चार खलाशी असतातच. मुदखेडचा समुद्राशी संबंध आमदुऱ्याच्या बंधाऱ्यावरून पुढे जाणाऱ्या गोदावरीपुरता, आणि तीही मिळते बंगालच्या उपसागराला. बोटवाला जातो उलटा, मुंबईला. त्यामुळे त्याची बॅग हा त्याच्या एकट्याचा मामला राहत नाही, गल्लीचा होतो.

सामान कसे बांधावे याचा गावापुढचा नमुना म्हणजे सीआरपीएफच्या प्रशिक्षण केंद्रातले जवान. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. मर्चंट नेव्ही ही नेव्हीच, अशी शेजारच्या काकांची पक्की समजूत असते. बोटवाला त्यांना मालवाहू जहाज, टँकर, कंटेनर सगळे समजावून सांगतो. काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘‘ते झालं रे, पण बंदूक तिथंच देतेत ना?’’

ट्रंकेचा सल्ला मोडीत काढण्यात दोन दिवस जातात. बॅग मऊ, कापडी लागते. केबिनमधले कपाट अरुंद असते. रिकामी बॅग घडी घालून बंकखाली सारता आली पाहिजे. शिवाय जहाज दर वेळी धक्क्याला लागलेले नसते. ते बंदराबाहेर नांगर टाकून उभे असले तर लाँचने जायचे आणि बाजूची शिडी चढायची. तेव्हा दोन्ही हात मोकळे लागतात आणि सामान जाळीत घालून क्रेनने वर जाते. चार चाकांच्या चकचकीत ट्रॉलीला तिथे कोणी विचारत नाही. वजनाचे बंधन विमानाचे. खलाशाच्या तिकिटावर काही विमान कंपन्या सवलत देतात, पण बोटवाला धरून चालतो एका बॅगेला २३ किलो. त्यातली दोन किलो जागा तो पहिल्या दिवशीच राखून ठेवतो, ती बुटांसाठी. लोखंडी टाचेचे नव्हे, लोखंडी चवड्याचे सेफ्टी बूट कंपनी मुंबईच्या ऑफिसात हातात देणार असते. ही दोन किलोंची मोकळी जागा घरात सर्वांना दिसते. येथून पुढचा इतिहास त्या जागेचा आहे.

बॅगेपेक्षा मोलाची कागदांची पिशवी. तिच्यात पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, खलाशी म्हणून नोंदणीचा इंडोस क्रमांक, नोकरीचा करार, डॉक्टरी दाखला. आग विझवणे, पाण्यात तगून राहणे, प्रथमोपचार या खलाशांना सक्तीच्या एसटीसीडब्ल्यू कोर्सांची प्रमाणपत्रे. आणि पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड, जे २०१६ पासून लस एकदा टोचून घेतली की जन्मभर चालते. बोटवाला ही पिशवी उशाखाली घेऊन झोपतो. तिला कोणालाही हात लावू देत नाही. तसा कोणी लावायलाही येत नाही, कारण तिच्यात खाण्याचे काही मावत नाही.

या पिशवीमागे कधी कधी असे वजन असते की ते कुठल्याच काट्यावर येत नाही. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेऊ नयेत, असा २००६ च्या सागरी कामगार कराराचा दंडक आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. डॉक्टरी दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा खलाशाच्या माथी मारता येतो. परवाना असलेल्या भरती संस्थांची यादी नौवहन महासंचालनालय प्रसिद्ध करते. पण ज्याचा बाप बिनपरवान्याच्या एजंटाच्या गळाला लागला, त्याच्या बॅगेआधी एकरभर रान जाऊन बसलेले असते, आणि एजंटाचा फोन ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ असतो. खोल समुद्रातल्या पोराचा एक वेळ लागतो.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. इंजिनरूमसाठी सुती बनियन, थंड समुद्रासाठी थर्मल, न घसरणारी चप्पल, चष्मा असेल तर दुसरा चष्मा, गोल पिनांचा ॲडॉप्टर, सिनेमांनी भरलेली हार्ड डिस्क. इंजिनरूमचा पारा चाळिशीपार जातो, हे ऐकून घरचे हळहळतात, वास्तविक नांदेडचा मे महिना काढलेल्या माणसाला ती बदली वाटू नये. केस कापायचे ट्रिमर मात्र न विसरता घ्यावे. ज्याच्याकडे ते असते त्याला महिन्याभरात सगळे जहाज मान देते.

मग येते खाणे. कायद्याने जहाजावर जेवण फुकट मिळते आणि स्वयंपाकी प्रशिक्षित असावा लागतो. हे आत्याला सांगून उपयोग नसतो. ‘‘पाण्यावर जायलास, तिथं काय पिकतंय?’’ असे म्हणून ती येसर, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला यांचे स्टीलचे डबे आणून ठेवते. डब्यांवर तिचे नाव कोरलेले असते. बरोबर दोन किलो भरतात. बूट गेले.

काळ्या मसाल्यावरून घरात शीतयुद्ध पेटते. त्यात खसखस असते आणि खसखशीला संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापुरात बंदी आहे. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. खलाशांची अदलाबदल बहुधा फुजैरा नाहीतर सिंगापूर अशाच ठिकाणी होते. म्हणजे आत्याच्या मसाल्याने भाचा तुरुंगात. ‘‘माझ्या मसाल्यानं आजवर कुणाला काय झालंय?’’ या प्रश्नाला उत्तर नसते. बिनखसखशीचा मसाला नव्याने कुटला जातो, आणि राग म्हणून आधीपेक्षा पाव किलो जास्त.

वजन करायला घरात काटा नसतो. मुदखेड गुलाब-मोगऱ्याचे गाव. फुलांच्या व्यापाऱ्याकडचा लटकता काटा आणतात. पाकळ्या तोलायची सवय झालेला तो काटा बॅग अडकवताच कण्हतो. भरते साडेचोवीस. एक जीन्स काढली की वहिनी लोणचे ठेवते. थर्मल काढले की मामा मेतकुटाची पुडी सरकवतात. दर खेपेला बोटवाला ‘‘बुटाची जागा!’’ म्हणून ओरडतो आणि दर खेपेला कोणीतरी त्याला धीर देते, ‘‘बूट काय, पायात घालून जाता येतेत.’’ शेवटी काटा २३ दाखवतो, तेव्हा बॅगेत चटण्या असतात आणि कपडे कॉटवर.

रात्रभराच्या प्रवासाने गाडी मुंबई गाठते. ऑफिसात बूट मिळतात, ते पायात चढतात, आणि चपला मावसभावाच्या पिशवीतून डोंबिवलीला जातात. विमानतळावरच्या चौकटीतून जाताना बुटांतले लोखंड किंचाळते. बूट उतरवावे लागतात. मुदखेडचा दर्यावर्दी परदेशी निघतो तो असा, मोज्यांवर, कागदांची पिशवी छातीशी धरून.

खालच्या हुद्द्यांच्या खलाशांचा करार साधारण नऊ महिन्यांचा, अधिकाऱ्यांचा चार-सहा. पहिला महिना डबे उघडतच नाहीत. इथे सगळे मिळते, उगीच ओझे आणले, असे बोटवाला घरी फोनवर ठणकावतो. चौथ्या महिन्यात रात्रपाळी उतरून मेसमध्ये भात आणि गरम पाण्यात कालवलेली येसर खाताना तो कोणाशी बोलत नाही. पुढे फिलिपिनो स्वयंपाकी चमचाभर मागून नेतो, युक्रेनचा इंजिनीअर जवसाच्या चटणीने ठसकतो आणि पुन्हा वाटी पुढे करतो. फोनवर मात्र ‘‘कशाला दिलं होतं एवढं?’’ हेच पालुपद राहते.

परतीची बॅग भरायला एक संध्याकाळ पुरते. साबण, चप्पल, उरलेले लोणचे बदलीवर येणाऱ्याला केबिनमध्येच ठेवायचे, असा रिवाज आहे. तेल पिऊन काळे पडलेले बूटही तिथेच राहतात. डबे मात्र परत आणावे लागतात, आणि माहेरचा असो की शेजारचा, डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून बोटवाला शेवटच्या बंदरात बदाम, खजूर, चॉकलेटे विकत घेऊन ते डबे काठोकाठ भरतो. मग अर्थातच वजन वाढते आणि तो विमानतळावर स्वतःचे कपडे काढून हातात घेतो. आत्या डबा उघडते, दोन खजूर खाते, बाकीचे गल्लीत वाटून टाकते आणि विचारते, ‘‘दुसऱ्या डब्याचं झाकण कुठंय?’’