पॉइंटांची भावकी

सहकाराच्या या अहिल्यानगर जिल्ह्यात आता क्रेडिट कार्डाचे पॉइंट एकत्र करायचं वेड आलंय. बाबांचे, सुनेचे, पुण्यातल्या लेकाचे पॉइंट जमवले की शिर्डीहून विमान फुकट! ओटीपी सुनेच्या फोनवर, सूनबाई ड्युटीवर. साध्या कार्डावर चार पॉइंटांचा जेमतेम रुपया. तो वटवायला काही बँका 99 रुपये अधिक जीएसटी घेतात. दोन बँकांचे पॉइंट तर भावकीसारखे, एकत्र येतच नाहीत.

ठेवींचं उलटं. 4 ऑक्टोबर 2023 ला रिझर्व्ह बँकेने शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. अशा वेळी एकाच माणसाच्या त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी विम्यासाठी आपोआप एकत्र धरतात. बेरीज मोफत, विमा कमाल 5 लाख.