डावीकडे वळल्यास वाजेल

रायपुरात गाडीचा वायपर अडकला तर माणूस हात बाहेर काढून काचेवर फडकं फिरवतो. मे महिन्यात एसी बसला तर शिव्या घालत काचा खाली करतो. पण हॉर्न बंद पडला की त्याची चारचौघांतली पतच जाते. जयस्तंभ चौकात सिग्नल हिरवा व्हायच्या आत जो हॉर्न देत नाही, त्याची तब्येत बरी नसावी असं मागचे लोक धरून चालतात.

आमच्या गाडीचं नाव सांगत नाही. छोटी, चौकोनी, नव्वदच्या दशकात निम्म्या मध्यमवर्गाच्या दारात उभी असायची ती. तिच्या पाटीवर अजून ‘एमपी’ आहे. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगड वेगळं झालं, हे तिने फारसं मनावर घेतलेलं नाही.

तर या गाडीचा हॉर्न पूर्ण बंद पडला असता तरी परवडलं असतं. तो सरळ रस्त्यावर मुका झाला आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं की खणखणीत वाजू लागला. म्हणजे डाव्या बाजूने चाललेल्या सायकलवाल्याला सावध करायचं, तर आधी त्याच्या अंगावर गाडी घालायची आणि मग ‘बाबा रे, सांभाळ’ म्हणून हॉर्न द्यायचा. तो बिचारा दचकून वळून बघायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असायचं, की धडक द्यायचीच आहे तर वर्दी कशाला देता?

गाईंचा प्रश्न वेगळाच. पावसाळ्यात इथे ओल्या मातीपेक्षा डांबर बरं म्हणून गुरं भर रस्त्यात बैठक मारतात. मोकाट जनावरं आवरायची छत्तीसगडची जुनी गावरीत म्हणजे ‘रोका-छेका’. 2020 मध्ये सरकारने तिचीच मोहीम केली. पण रोका-छेका काय ते गाईंपर्यंत पोचलेलं दिसत नाही. माझी गाडी समोर येऊन डावी-उजवी डुलू लागली की गाय रवंथ थांबवून कुतूहलाने पाही. उठत मात्र नसे. हॉर्न चालू होता तेव्हाही उठत नव्हती, पण तेव्हा निदान पाहत तरी नव्हती.

यावर सौभाग्यवतींनी बिनखर्चाचा तोडगा काढला. गोल बाजारच्या गर्दीत काच खाली करून त्या नुसतं म्हणायच्या, “भैया, ज़रा साइड देना!” आणि भैया साइड द्यायचा! हातगाडीवालाही द्यायचा. मी इतकी वर्षं जे हॉर्नने मागत होतो, ते तोंडाने मागितलं की मिळतं, हा शोध मला फारसा आवडला नाही. शिवाय मी स्वतः हाक मारली, तेव्हा त्या भैयाने “क्या हुआ?” विचारत गाडीच आडवी लावली.

चौबे कॉलनीत, महाराष्ट्र मंडळात, विषय निघाला तेव्हा सल्ल्यांना पूर आला. एकजण म्हणाले, बरंच झालं, कायदा तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 194 एफ आहे, विनाकारण हॉर्न वाजवला तर पहिल्यांदा 1000 रुपये, पुढे 2000. दुसऱ्यांनी नागपूरचा हवाला दिला. आपले गडकरी 2021 मध्येच बोलले होते, हॉर्नमधून बासरी, तबला, व्हायोलिन असे सूर यावेत म्हणून. तेव्हा आता घाई करू नका, थेट बासरीच बसवा. तिसरे इतिहासाचे. 1741 मध्ये भास्करपंत भोसल्यांची फौज घेऊन रतनपुरावर आले, त्यांचं हॉर्नवाचून काही अडलं का? मी म्हटलं, त्यांच्याकडे तोफा होत्या.

मग दुकानं सुरू झाली. पहिल्याने बॉनेट उघडायच्या आधीच फ्यूज बदलला. दुसऱ्याने रिले बदलला. तिसऱ्याला हॉर्नमध्ये दोषच दिसेना, म्हणून त्याने हॉर्नची नवी जोडी दाखवली. वाजवून दाखवताना शेजारच्या टपरीवरचा चहा सांडला, आणि त्याने अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. चौथ्याने दुखण्याला हात न लावता डॅशबोर्डवर दाराच्या घंटीचं बटण ठोकून दिलं. त्यावर घंटीचं इवलंसं चित्रही होतं. शेजारी बसणारा प्रत्येक पाहुणा ते एकदा तरी दाबून बघे. आमचे एक वयस्कर भाऊजी तर उतरायचं ठिकाण आलं की कंडक्टरसारखे ते दोनदा दाबत.

शेवटी फाफाडीहकडचा एक म्हातारा ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला. त्याने बॉनेटला हातच लावला नाही. चावी फिरवली, हॉर्नचं बटण दाबून धरलं आणि स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. वाजला, गेला, पुन्हा वाजला. “कका, बटन बने हे,” तो म्हणाला, “कार्बन घिसागे हे.” म्हणजे बटण ठीक आहे, कार्बन झिजलाय.

खरी मेख इथे होती. अशा जुन्या गाडीत हॉर्नपाशी करंट आधीच येऊन थांबलेला असतो. बटण फक्त त्याला अर्थिंग मिळवून देतं. पण चाक गरगर फिरणारं, साधी वायर त्याच्याभोवती गुंडाळून तुटायची. म्हणून चाकाच्या पाठीला तांब्याची गोल पट्टी असते आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेला बोटाच्या पेराहून लहान असा कार्बन घासत राहतो. एअरबॅगवाल्या नव्या गाड्यांत त्याजागी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी असते. आता गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, त्यामुळे पट्टी झिजते तीही नेमकी सरळ चालीच्या जागी. वळणाची जागा कोरी करकरीत राहते. सरळमार्गी माणसाचं जे होतं, तेच.

त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने मधलं झाकण उचललं. चाक आणि दांडा यांवर खडूने एकच रेघ ओढली, म्हणजे चाक परत बसवताना वाकडं बसायला नको. नट सैल केला, पण चार आटे ठेवूनच. मग दोन्ही हातांनी चाकाला हिसका दिला. सगळा नट काढला असता तर चाक थेट नाकावर आलं असतं, हे त्याने स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवून सांगितलं. नाकाचा आकार पाहता पुराव्याची गरज नव्हती. आत वर्षानुवर्षांचं ग्रीस धूळ खाऊन काळी राळ झालं होतं. पेट्रोलच्या फडक्याने ते पुसलं, बारीक पॉलिश पेपरने पट्टी सोन्यासारखी उजळली, नवा कार्बन घातला, स्प्रिंग थोडी ताणली. जाता जाता घंटीचं बटणही उखडून माझ्या हातात ठेवलं.

मी हॉर्नचं बटण दाबलं. सरळ, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे तोच आवाज. त्याने घेतलेली मजुरी पहिल्या फ्यूजवाल्याहून कमी होती, म्हणून मला उगीच शंका आली. गॅरंटी काय, असं विचारलं.

तो हात पुसत म्हणाला, “हॉर्न बाजही कका, ओकर गारंटी हे. आघू वाला हटही, तेकर नइ हे.”