सकारण आदेश

१७ डिसेंबरला संध्याकाळी दार वाजलं, की समजावं, नाना संत्रा बर्फी घेऊन आले. ना कुणाचा वाढदिवस, ना बारसं. १९८२ साली याच तारखेला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं नाकरा खटल्यात पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असं बजावलं. नागपुरातल्या आमच्या गल्लीत तो दिवस नाना एकटेच साजरा करतात. हातावर बर्फी ठेवताना मात्र सांगतात, "ही मेहेरबानी आहे बरं का!"

नाना सरकारी कचेरीतले निवृत्त मुख्य लिपिक. तीस वर्षं लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. एका म्हातारीचा अर्ज तर 'अंगठा पुसट' म्हणून दोनदा परत केला. पुढं निवृत्तीच्या तोंडावर त्यांचं स्वतःचं सेवापुस्तक वेतनपडताळणीला गेलं आणि बारा वर्षांपूर्वी एक वेतनवाढ चुकून जास्त दिल्याचं निघालं. उपदानातून १,८४,३१२ रुपये वसूल!

रकमेपेक्षा नाना आदेशावर संतापले. "नोटीस नाही, सुनावणी नाही, कारण नाही. दोन ओळी! माझ्या टेबलावर आला असता तर मीच त्रुटी काढून परत धाडला असता."

नाना मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले. सगळ्या कागदांवर पृष्ठक्रमांक घालून, फाईल लाल फितीत बांधून वकिलाला दिली. कचेरीच्याच चुकीनं जादा गेलेले पैसे वर्ग तीनच्या किंवा निवृत्त कर्मचाऱ्याकडून वसूल करू नयेत, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल त्यांनी अथर्वशीर्षासारखा पाठ केला. तारखेमागून तारखा पडल्या. बाहेरच्या बाकावर एकदा मला म्हणाले, "ती अंगठ्याची म्हातारी कुठल्या बाकावर बसली असेल रे?" सव्वादोन वर्षांनी वसुलीचा आदेश रद्द झाला.

खटला संपला, पण नाना घरातलं न्यायाधिकरण झाले. "कोर्ट निर्णय कोणता घेतला हे बघत नाही, कसा घेतला ते बघतं," हे त्यांचं सूत्र. आमटी अळणी झाली, तर तक्रार चवीची नसते. "मीठ कमी करण्यापूर्वी बाधित व्यक्तीचं म्हणणं ऐकलं होतं का?" सुनेनं नातवाचा मोबाईल काढून घेतला, तर नानांची स्थगिती पाच मिनिटांत.

परवा काकूंनी त्यांच्या चहातली साखर बंद केली. नानांनी कप खाली ठेवला. "वर्षानुवर्षं चालू असलेला लाभ असा पूर्वसूचनेशिवाय बंद करता येत नाही."

"मग ही सूचना," काकू म्हणाल्या. "बोला, काय म्हणणं आहे?"

नाना दहा मिनिटं बोलले. काकूंनी मेथी निवडत सगळं ऐकलं. मग रक्ताचा रिपोर्ट पुढं केला. "जेवणानंतरची साखर २६८. हे कारण. अर्ज फेटाळला."

नानांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला. तारीख, सही, शिक्का, सगळं तपासलं. एकही त्रुटी सापडेना. मुकाट्यानं चहाचा घोट घेतला आणि माझ्याकडे वाकून, काहीशा अभिमानानं पुटपुटले,

"सकारण आदेश आहे. वरच्या कोर्टातही टिकेल."