गहू कोणत्या खात्याचा?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत टक्कल. गावं खारपाणपट्ट्यातली, म्हणून पहिलं बोट पाण्याकडे गेलं. नायट्रेट जादा निघालं. खरंच होतं ते; पण खारं पाणी ही गावं पिढ्यान्‌पिढ्या पितात, केस मात्र आत्ताच का गळावेत?

विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर गावात गेले आणि माणसं खातात काय, हे पाहिलं. रेशनचा गहू तपासून घेतला. त्यात सेलेनियम बेसुमार; ते जास्त झालं की केस गळतात. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं त्यांचं म्हणणं. होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम फार आहे, हे तिथल्या कृषिशास्त्रज्ञांना कित्येक दशकं ठाऊक आहे. बावस्करांचा निष्कर्ष कुणाला खोडायचा असेल तर पुराव्यानिशी खोडावा. पण ताटापर्यंत पोचायला महाडचा डॉक्टर का लागावा?

एखादी संस्था शेतापासून ताटापर्यंतच्या साखळीचा विचार करते की नाही, हे तिच्या कार्यशाळांवरून आणि भिंतीवरच्या तक्त्यांवरून कळत नाही. तिच्या खात्याची हद्द संपते तिथे जाऊन पाहावं लागतं. धान्यखरेदीत ओलावा, काडीकचरा, किडका-तुटका दाणा बघतात, गहू पास. धान्य दुकानात पोचलं की पुरवठा खातं मोकळं. पाण्याचा अहवाल वेगळ्या फायलीत, रुग्णांची यादी आणखी वेगळ्या. ज्याने त्याने आपापला रकाना भरला, आणि अडीचशेहून जास्त माणसं टकली झाली. कॉलेजच्या मुलींनी घराबाहेर पडणं टाकलं, ठरलेली लग्नं अडली. त्याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नव्हता.

आढावा बैठकीत उद्दिष्टांच्या टक्केवाऱ्या वाचण्याआधी एवढंच विचारा: या महिन्यात गावच्या रेशन दुकानात कुठल्या गोदामातला, कुठल्या राज्यातला गहू उतरला, हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला बसल्या जागी कळतं का? नसेल, तर त्या यंत्रणेला शून्य गुण द्या, टक्केवारी कितीही असो.

एप्रिल २०२५ मध्ये याच भागात नखं गळू लागली. पुरवठ्याची नोंद आणि रुग्णांची नोंद एका टेबलावर ठेवायला आणखी काय गळायची वाट बघायची?