डबा कुठे ठेवावा आणि कुणाला विचारून

अभिनंदन! तुम्ही तीन डब्यांचा मेश वायफाय संच घरी आणला आहे, आतल्या खोलीतला व्हिडिओ अजूनही गोल गोल फिरतोच आहे, आणि 'एवढे पैसे घातले ते कशात?' हा प्रश्न घरात एकदा विचारून झाला आहे. तो दुसऱ्यांदा यायच्या आत पुढचं वाचा.

आधी सगळे डबे बंद करून पुन्हा चालू करा. याने दुरुस्ती होईलच असं नाही. पण पाच मिनिटं नेट अजिबात नसलं की नंतर जे येईल ते घरच्यांना वेगवान वाटतं.

मग मोजमाप. आतल्या खोलीत पलंगावर बसून स्पीड टेस्ट करू नका. लॅपटॉप हॉलमधल्या मुख्य राउटरला केबलने जोडा आणि तिथे बघा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि केबलवरही ४०च येत असतील, तर डबे निर्दोष आहेत. कस्टमर केअरचं संगीत ऐकायला बसा. मात्र फाइल उतरवताना ३७ दिसलं म्हणून भांडायला जाऊ नका. तिथे बहुधा मेगाबाइट लिहिलेलं असतं, त्याला आठाने गुणायचं. आठाचा पाढा येत नसल्यामुळे झालेली भांडणं मी पाहिली आहेत. एक तर मीच केलं होतं.

केबलवर पूर्ण वेग आला? मग दोष घरातला. आणि तो बहुतेक वेळा एकच असतो: जिथे नेट पोचत नाही, नेमका तिथेच आपण डबा ठेवतो. जिथे फोनला ऐकू येत नव्हतं तिथे डब्याला कसं ऐकू येणार? फोनवर कांड्या मात्र पूर्ण दिसतात, कारण त्या फोन आणि शेजारचा डबा यांच्यातल्या असतात; डब्याच्या मागे काय येतंय ते त्या सांगत नाहीत. नळ नवा कोरा, टाकी रिकामी. डबा निम्म्या वाटेवर ठेवायचा, जिथे मागचा सिग्नल अजून धडधाकट असतो.

निम्मी वाट म्हणजे आपल्याकडे पॅसेज. तिथे चपलांचं कपाट असतं आणि त्यावर काही ठेवायचं नसतं, हा नियम डबा येण्याच्या आधीपासूनचा. आमच्याकडे वाटाघाटीत डबा क्रमाक्रमाने लोखंडी कपाटामागे, मोठ्या आरशामागे आणि पाण्याच्या पिंपाशेजारी राहून आला. तिन्ही जागा आईच्या दृष्टीने उत्तम होत्या, कारण तो दिसत नव्हता. लोखंड लहरी अडवतं, आरशामागचा धातूचा मुलामाही अडवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. चौथी जागा मायक्रोवेव्हजवळची मिळाली. ती भट्टी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते, त्यामुळे त्या पट्ट्यावरच्या उपकरणांना पापड भाजले जात असताना उपास घडतो. ५ गिगाहर्ट्झला तो त्रास नाही, वेगही जास्त, पण भिंत आली की त्याचा धीर लवकर सुटतो. काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

आता तिसऱ्या डब्याबद्दल. जेवणाच्या टेबलाशी आजोबांना कमी ऐकू येतं, म्हणून काकू प्रत्येक वाक्य पुन्हा मोठ्याने सांगते, आणि ती बोलत असेपर्यंत बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. गोष्ट पोचते, पण वेळ दुप्पट लागतो. डबे आपसात ज्या पट्ट्यावर बोलतात त्याच पट्ट्यावर तुमच्या फोनशीही बोलत असतील, तर दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. काकूचं ऐकून आत्याने सांगायचं ठरवलं तर आजोबांपर्यंत भाजी पोचेपर्यंत ताक आलेलं असतं. म्हणून दोन खोल्यांच्या घरात तिसरा डबा खोक्यातच ठेवा. पाहुण्यांना दाखवायला बरा.

कधी डबा बरोबर असतो, फोन हट्टी असतो. कुठल्या डब्याला चिकटायचं ते शेवटी फोन ठरवतो. हॉलमध्ये पकडलेला डबा तो बाथरूमपर्यंत सोडत नाही. एअरप्लेन मोड लावून काढा, बहुधा जवळचा पकडेल.

हे सगळं करून दमलात की खरा उपाय: डब्यांना केबलने जोडा. म्हणजे त्यांच्या आपसातल्या गप्पा हवेतून होत नाहीत. इलेक्ट्रिशियनला बोलवा, तो 'पट्टी मारून देतो' म्हणेल. काम झाल्यावर पुन्हा मोजा. आमच्याकडे आकडा ९४वर येऊन थांबला, कितीही मोजलं तरी ९४. अशा केबलमध्ये आठ तारा असतात. ३०० हवे असतील तर आठही जोडाव्या लागतात, चारच जोडल्या की मामला शंभरच्या आत राहतो. उरलेल्या चारांपैकी दोन तारा मोकळ्या दिसल्या म्हणून त्या भल्या माणसाने दाराच्या बेलला जोडल्या होत्या. बेल छान वाजते. ती काढायची का, हा विषय सध्या आईकडे प्रलंबित आहे.