रा. रा. बॉरो चेकर यांच्या सेवेशी

प्रति,
श्री. बॉरो चेकर,
उसनवारी तपासनीस,
रस्ट कंपायलर, आतली खोली.

विषय : माझ्याच व्हेरिएबलला मला हात लावू न दिल्याबद्दल.

महोदय,

सा. न. वि. वि.

सी आणि सी प्लस प्लसमध्ये अठरा वर्षं काढल्यावर, ऑफिसातल्या पोरांच्या भरीला पडून मी गेल्या पावसाळ्यात रस्ट ही भाषा शिकायला घेतली. पहिला प्रोग्राम नऊ ओळींचा होता. त्यावर तुमचा शेरा आला चौदा ओळींचा. रंगीत, बाण काढलेला, खाली मदतीची सूचना वेगळी. इतकं मन लावून माझं लिखाण आजवर कुणी वाचलेलं नाही. तरी तक्रार आहेच, आणि ती उघड करतो आहे. कारण शिकाऊ मंडळी रोज हीच गाऱ्हाणी घेऊन तुमच्या खिडकीशी येतात आणि तुम्ही आतून त्रुटीचा क्रमांक पुकारता.

गुन्हा तसा किरकोळ होता. एक स्ट्रिंग तयार केली, एका फंक्शनला दिली आणि पुढच्याच ओळीत छापायला गेलो. तुम्ही म्हणालात, ई०३८२, ही वस्तू तुम्ही देऊन टाकलीत, आता तुमची नाही. अहो, मी ती बघायला दिली होती! आमच्याकडे शेजारी वाटी गेली तर ‘परत द्या हं’ असं म्हणत नाहीत, ती परत येतेच, वर रिकामीही येत नाही. तुमच्याकडे मात्र आधी बोलून ठेवावं लागतं, आणि ते बोलणं म्हणजे ‘&’ हे चिन्ह. चिन्ह लावलं तर उसनं, नाही लावलं तर दान. आणि दान दिल्यावर वस्तूकडे नुसतं पाहिलं तरी पाप.

यावर प्रत्येक नवशिका एकच प्रश्न विचारतो, मीही विचारला : पाच हा आकडा असाच दिला तर चालतो, मग स्ट्रिंग का नाही? तुम्ही उत्तर देत नाही, तेव्हा मीच शोधलं. पाच म्हणजे पाच. नक्कल काढली की दोघांकडे पाच-पाच. स्ट्रिंगचं तसं नाही. ६४ बिटांच्या मशीनवर स्ट्रिंग म्हणून आपल्या हाती असतं ते २४ बाइटचं चिटोरं : मजकूर हीपवर कुठे आहे तो पत्ता, त्याची लांबी, आणि तिथे एकूण जागा किती. चिटोऱ्याची नक्कल काढली तर मजकूर एक, पत्ते दोन. रस्टमध्ये मागून आवरायला गॅरबेज कलेक्टर नाही. मालकाची वेळ संपली की त्यानं जाताना आपलं घर पाडून जायचं, हा नियम. मालक दोन असले तर एकच घर पाडायला दोघं येणार. सीमध्ये मी हे केलेलं आहे. दुसऱ्यांदा पाडायला जावं तर तिथे तोवर तिसराच कुणी राहायला आलेला असतो.

म्हणून तुमच्या सातबाऱ्यावर नाव एकच. मान्य.

पण उसनवारीच्या कायद्यानं माझा खरा अंत पाहिला. एका वस्तूकडे बघणारे एका वेळी कितीही असोत, किंवा बदलणारा एकच असो. दोन्ही एकदम नाही. हा नियम वाचला तेव्हा मला तो एखाद्या चिडक्या ग्रंथपालानं केलेला वाटला. प्रोग्राम माझा, थ्रेड एकच, मीच वाचतोय, मीच लिहितोय, मग भांडण कुणाचं कुणाशी?

तर ऐका. मागे एका नोकरीत माझा प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे महिन्यातून एखादवेळी कोसळायचा. आमच्याकडे कधीच नाही. पंधरा दिवस मी त्याच्या मागे होतो. मी ऑर्डरींच्या एका व्हेक्टरच्या, म्हणजे लागेल तशा वाढणाऱ्या यादीच्या, पहिल्या घटकाचा पॉइंटर धरून ठेवला होता, आणि चार फंक्शनं खाली कुणीतरी (ते कुणीतरी म्हणजे मीच) त्याच व्हेक्टरमध्ये भर घातली होती. जागा पुरत असेल तोवर यात काही बिघडत नाही. पुरेनाशी झाली की व्हेक्टर बिऱ्हाड हलवतो. नवी मोठी जागा बघतो, सामान तिकडे नेतो, जुनी सोडून देतो. माझा पॉइंटर आपला जुन्या दाराची कडी वाजवत उभा. आमच्या टेस्टिंगला ऑर्डरी बेताच्या असत, बिऱ्हाड हलायची वेळच येत नसे. गिऱ्हाइकाकडे सणासुदीला ऑर्डरी वाढत.

तेच सगळं मी तुम्हाला चार ओळींत लिहून दाखवलं. एक पापणी लवायच्या आत उत्तर आलं : ई०५०२, इथे बघायला उसनं घेतलंय, इथे बदलायला मागताय, आणि इथे पुन्हा बघताय. तिन्ही ओळींवर बोट ठेवून. साहेब, त्या पंधरा दिवसांचा पगार मी रीतसर घेतला होता. तो परत मागू नका म्हणजे झालं.

मी एकटाच असा नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या भानगडींतून येतात. पुढच्याच वर्षी क्रोमवाल्यांनी आपल्या गंभीर त्रुटींचा जवळपास तोच आकडा दिला. एवढ्या मोठमोठ्या घरांतून लोक जुन्या दारांच्या कड्या वाजवत होते तर.

तुमच्या भाषेचा जन्मही म्हणे अशाच वैतागातून झाला. २००६ मध्ये व्हँकूव्हरला ग्रेडन होअर नावाचा प्रोग्रामर घरी आला तर लिफ्ट बंद. लिफ्टचं सॉफ्टवेअर कोसळलेलं. त्याचं घर एकविसाव्या मजल्यावर. एवढे जिने चढताना माणसाच्या डोक्यात काय काय येईल, ते तुमच्याकडे पाहिलं की कळतं. भाषेला नाव त्यानं बुरशीवरून दिलं, म्हणजे गव्हावर पडतो तो आपला तांबेरा. लोखंडाच्या गंजाचा काही संबंध नाही, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो आणि कुणाला त्यात रस नसतो. २०१५ च्या मे महिन्यात पहिली पक्की आवृत्ती आली. मूळ आराखड्यात तुम्ही नव्हतातच, तुमची नेमणूक मागाहून झाली. तरी तुम्ही घरजावयासारखे न वागता सासऱ्यासारखे वागता, ही गोष्ट वेगळी.

आता एक गाऱ्हाणं तुमच्या खात्यातलं नाही हे ठाऊक आहे, पण खिडकी एकच असल्यामुळे इथेच मांडतो. स्ट्रिंगचं पहिलं अक्षर मागितलं, साधं चौकटी कंसात शून्य टाकून. नाही म्हणाले. जगातल्या कितीतरी भाषा देतात! यावर रस्टचं अधिकृत पुस्तक जे उदाहरण काढून बसतं ते चक्क ‘नमस्ते’. (त्याला त्यांनी हिंदी शब्द म्हटलंय. असू दे.) हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइटचा. पहिला बाइट २२४, म्हणजे ‘न’चा एक तृतीयांश. कॅरॅक्टर मोजले तर सहा, त्यांत पाय मोडण्याची खूण आणि मात्रा हे दोन स्वतंत्र उमेदवार. आणि माणसाला दिसणारी अक्षरं मोजली तर पुस्तक म्हणतं चार : न, म, स्, ते.

चार? आमच्या पहिलीच्या बाईंनी कान धरला असता. न, म, स्ते. तीन. लंगडा ‘स्’ एकटाच रस्त्यानं जाताना कुणी पाहिलाय? युनिकोडवाल्यांनाही हे २०२३ मध्ये, १५.१ व्या आवृत्तीत पटलं आणि जोडाक्षर एकत्र धरायचा नियम आला. थोडक्यात, ‘पहिलं अक्षर द्या’ या साध्या मागणीची तीन उत्तरं, आणि तिसऱ्याविषयी विद्वानांत मतभेद. अशा वेळी ‘आधी नक्की काय हवंय ते सांगा’ म्हणणं उद्धट असेल, पण इंग्रजीच्या गुर्मीत २२४ हातावर टेकवणाऱ्या भाषांपेक्षा मला ते बरं वाटलं. पुरणपोळी मागितली तर ‘पुरण की पोळी की दोन्ही’ विचारणारा वाढपी त्रासदायक खरा. न विचारता कच्ची डाळ वाढणारा जास्त.

किरकोळ प्रश्न भराभर सांगून टाकतो. प्रिंटलाइनपुढचं उद्गारचिन्ह आनंदाचं नाही, ते मॅक्रोचं. फंक्शनच्या शेवटच्या ओळीला अर्धविराम दिला की फंक्शन रिकाम्या हातानं परत येतं. हे कळायला मला एक अख्खी दुपार लागली, कारण तीस वर्षं अर्धविराम न देण्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

नलचं, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ या खुणेचं, काय झालं, असंही मुलं विचारतात. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये तो आणला आणि २००९ मध्ये आपणच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं. रस्टनं त्याजागी ऑप्शन नावाचा डबा ठेवला : आत काहीतरी आहे किंवा नाही, उघडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. उत्तम. पण त्याला अनरॅप नावाची पळवाटही ठेवली, म्हणजे झाकण न उघडता दातांनी फोडायची सोय. नवशिके सगळीकडे तेच करतात. मोठेही करतात. १८ नोव्हेंबर २०२५ ला इंटरनेटची वाहतूक सांभाळणारं क्लाउडफ्लेअर बसलं आणि जगभरच्या साइट तासन्‌तास अडकल्या. कंपनीनं स्वतः छापलेल्या खुलाशात एक अनरॅप निघाला. तुम्ही त्या दिवशी कामावर होतात, तुमची काही चूक नव्हती. उसनवारीचा हिशेब चोख होता.

लाइफटाइमबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण तिथे मी हरलो आहे. ‘टिक-ए’ हा मला ताईत वाटला : व्हेरिएबलच्या गळ्यात बांधला की आयुष्य वाढणार. महिनाभर मी दिसेल त्याला बांधत सुटलो. एक सेकंदानंही कुणाचं वाढलं नाही. ती नुसती नोंद असते, की हे उसनं त्या मूळ मालकापेक्षा जास्त दिवस टिकणार नाही. मग वैतागून सगळ्यांना ‘स्टॅटिक’ हा अमरपट्टा द्यायला गेलो, तर तुम्ही म्हणालात की अमरत्वाचा पुरावा जोडा.

शेवटी माणूस जे करतो ते मी केलं. क्लोन. जिथे अडलं तिथे अख्ख्या वस्तूची दुसरी प्रत काढून तुमच्या टेबलावर ठेवली आणि तुम्ही निमूट शिक्का मारलात. चिरीमिरीचं हे स्वरूप मला फार सभ्य वाटलं : सगळ्यांदेखत, प्रत्येक ठिकाणी लिहून, खर्च माझ्याच मेमरीचा. दुहेरी लिंक्ड लिस्ट लिहायला घेतली तेव्हा तेही पुरेना, मग आरसी नावाचं सामाईक खातं उघडलं; हिस्सेदार मोजले जातात, शेवटचा गेला की जागा मोकळी. माझ्या लिस्टमधले दोन भाऊ एकमेकांचे हिस्सेदार निघाले. त्यामुळे शेवटचा असा कुणी जातच नाही, आणि जमीन प्रोग्राम बंद होईपर्यंत पडीक. यावर मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. गळती तुमच्या कायद्यात गुन्हा नाही म्हणे.

६ डिसेंबर २०१८ पूर्वी तुम्ही आणखी कडक होतात असं जुनी मंडळी सांगतात. तेव्हा उसन्याचं काम संपलं तरी महिरपी कंस मिटेपर्यंत ते उसनंच धरायचात. आता शेवटचा वापर झाला की हिशेब मिटवता. तुमच्या जागी येऊ घातलेल्या वारसाचं नाव पोलोनियस आहे, हॅम्लेटमधला तो बाप, जो मुलाला उसनं देऊ नको, घेऊ नको असं बजावतो. त्यांना यायला बरीच वर्षं लागताहेत. घाई नाही. तुमची सवय झाली आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक शिकाऊ (अठरा वर्षांचा अनुभव)

ता. क. : वरच्या एका परिच्छेदात माझ्याकडून हिशेबाची चूक झाली आहे; अठरा वर्षांच्या नोकरीत तीस वर्षं अर्धविराम कसे दिले, असं सौ.नं आत्ताच विचारलं. दुरुस्त करणार होतो. पण पत्र खुलं आहे, तुम्ही आणि इतर मंडळी ते वाचायला घेऊन बसला आहात, आणि शेवटचा वाचक ते मिटेपर्यंत मला त्यातला एक काना बदलता येणार नाही.